बरा आहे म्हणू नये

अदमासचा आकडा आला तेव्हा शिवलीला बिराजदार नवऱ्याच्या कानाशी वाकून त्याला शिव्या देत होती. शिव्या म्हणजे तशा साध्याच, शाळेत शिकवणाऱ्या बाईला येतात तेवढ्या. "शिडीवर चढताना पट्टा लावायला हात मोडले होते का तुझे? ऊठ एकदा, मग बघते तुझ्याकडे." नर्सनेच सांगितलं होतं, बोलत राहा, त्यांना ऐकू येत असेल. गोड बोलायला तिला जमेना, म्हणून ती भांडत होती. लग्न झाल्यापासून दोघांचं निम्मं प्रेम भांडणातच खर्च होत आलं होतं, त्यामुळे बेशुद्ध रेवणला आपल्या बायकोचा आवाज ओळखायला दुसरी खूण लागली नसती.

रेवणसिद्ध सांगोल्याजवळच्या माळावरच्या सौरप्रकल्पात तंत्रज्ञ होता. तिथेच शिडीवरून घसरला आणि खालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर डोकं आपटलं. सोलापूरच्या मोठ्या रुग्णालयात आणेपर्यंत मेंदूला सूज चढायला लागली होती. डॉ. मिहीर सबनीसांनी त्याला तडक ऑपरेशनला घेतलं आणि शिवलीलाला नंतर समजावून सांगितलं. हात सुजला तर कातडी ताणते. मेंदू सुजला तर त्याला ताणायला जागाच नसते, कारण कवटी म्हणजे पक्क्या झाकणाचा डबा. मग तो आतल्या आत स्वतःलाच चेपतो, रक्तवाहिन्या दबतात आणि रक्त न मिळालेला भाग मरायला लागतो. म्हणून डबा उघडायचा. कवटीचा तळहाताहून मोठा तुकडा कापून काढायचा, मेंदूला फुगायला वाट द्यायची आणि सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी हाड परत बसवायचं. तोवर ते हाड रेवणच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलं होतं. नवऱ्याचं डोकं पोटात आहे, हे ऐकून शिवलीलाला हसू आलं होतं आणि त्या हसण्याचीच लाज वाटून ती जिन्यात जाऊन रडली होती.

"ऑपरेशननं जीव वाचला," डॉक्टर म्हणाले होते. "माणूस परत येईल का, ते ऑपरेशन सांगत नाही."

ते अदमास सांगे. पूर्वी डॉक्टर अनुभवावरून अंदाज करत आणि निम्म्या वेळा तोंडघशी पडत. अदमास हे यंत्र राज्यभरातल्या अशा हजारो रुग्णांवर वाढलं होतं. प्रत्येकाचे स्कॅन, मेंदूच्या लहरी, बुबुळांची हालचाल, पेशी फुटल्यावर रक्तात उतरणारी प्रथिनं, वय, राहतं गाव, आणि सहा महिन्यांनी तो माणूस कुठवर पोचला याचं घरच्यांना फोन करून घेतलेलं उत्तर, हे सगळं त्याला भरवलेलं होतं. नवा रुग्ण आला की अदमास त्याच्यासारखे जुने रुग्ण शोधून काढे आणि त्यांचं पुढे काय झालं त्यावरून याचं काय होईल ते सांगे. त्यात जादू काही नव्हती. शिवलीला दहावीच्या मुलांना संभाव्यता शिकवायची, तिला हे एका दमात कळलं, आणि कळलं तिथेच घात झाला. ज्याला आकडा कळत नाही त्याला निदान आकड्याशी भांडता तरी येतं.

"सात," डॉ. सबनीस म्हणाले. रेवणच्या खाटेपासून लांब, काचेच्या दाराबाहेर त्यांनी तिला उभं केलं होतं. "शंभरात सात. म्हणजे सहा महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकतील, याची शक्यता."

"आणि बाकीचे त्र्याण्णव?" तिने विचारलं. उत्तर तिला येत होतं.

"काही जण जगतात. डोळे उघडतात, पण ओळखत नाहीत." डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली. "शिवलीलाताई, पुढचे उपचार, व्यायाम सगळं उभारी कक्षात होतं, आणि तिथे खाटा फार थोड्या आहेत. चार जिल्ह्यांचे रुग्ण रांगेत असतात. आकडा दहाच्या खाली असला तर समिती सहसा खाट देत नाही. मग घरी न्यायचं, नाहीतर आमच्या विसावा कक्षात हलवायचं. तिथे त्रास होऊ देत नाहीत, पण पुढचे उपचारही करत नाहीत. समिती उद्या दुपारी बसते. घरच्यांचं म्हणणं विचारतात. तुम्ही बोलून ठेवा."

शिवलीला परत खाटेशी गेली. रेवण मघासारखाच होता. डोक्याला पट्टी, एका बाजूला पट्टीखाली हाड नसल्याने आलेला फुगवटा, नाकातोंडात नळ्या. ती वाकली, आणि तिला बोलताच येईना. मघाशी ती नवऱ्याशी भांडत होती. आता समोर सात होता. साताशी काय भांडायचं?

तिचं एकटीचंच असं झालं नव्हतं. व्यायाम द्यायला येणारा मुलगा सकाळी रेवणचे हातपाय रगडून काढायचा, तो दुपारी आला, पाय दोनदा वाकवले आणि पुढच्या खाटेकडे वळला. नर्सने कूस बदलली, पण रोजचं "चला बिराजदार, सूर्यनारायणाकडे तोंड करा" म्हटलं नाही. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. आकडा सगळ्यांना कळला होता, एवढंच. शिवलीलाला आतून भयंकर राग आला, आणि कुणावर काढावा ते समजेना.

रेवणचा थोरला भाऊ सिद्राम बाकावर बसून होता. भला माणूस. अपघात झाल्यापासून तो घरी गेला नव्हता. तिने आकडा सांगितल्यावर त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"घरी न्यावं, शिवलीला," तो म्हणाला. "आपल्या अंगणात, आपल्या माणसांत. इथं काचेआड तडफडत ठेवून काय करायचं?"

"तडफडत नाही ते, भाऊजी."

"माझा जीव तडफडतोय की." त्याचे डोळे भरून आले. "तूच सांगायचीस ना, आकडे खोटं बोलत नाहीत म्हणून?"

ती तसं खरंच म्हणायची. तिने मान डोलावली. उद्या समितीपुढे आपण 'हो' म्हणणार, हे तिला त्या क्षणी स्पष्ट दिसलं, आणि ते दिसल्यावर तिला त्या बाकावर बसवेना.

तिच्या पायाला भिंगरी लागली. दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या, पहिल्यावरून तळमजल्यावर, औषधांच्या दुकानापर्यंत, तिथून परत. पहारेकऱ्याने दोनदा विचारलं, "कुणाकडे जायचंय बाई?" दोन्ही वेळा ती तशीच पुढे गेली. शेवटी ती मागच्या अंगणात येऊन पोचली. तिथे बाह्यरुग्ण विभागाची माणसं कडुनिंबाखाली भाकऱ्या सोडून बसली होती आणि सगळीकडे लसणीच्या चटणीचा वास सुटला होता.

एका म्हातारीचं आणि एका दांडग्या तरुणाचं तिथे भांडण जुंपलं होतं. म्हातारीचे गुडघे दाखवायचे होते, तरुण तिला उचलून न्यायला बघत होता, आणि म्हातारी त्याच्या हातावर चापट्या मारत होती. "मला काय पोतं समजला काय रं? चालते मी!" तरुण वाकला तेव्हा त्याच्या कानशिलापासून मागे गेलेला मोठा अर्धगोल व्रण शिवलीलाला दिसला. तिचे पाय जागीच थबकले. तसाच टाक्यांचा अर्धगोल रेवणच्या पट्टीखाली होता.

"मावशी," ती पुढे होऊन म्हणाली, "यांचं डोक्याचं ऑपरेशन झालं होतं का? इथेच?"

"इथंच की. टेंपोवरनं पडला हुता. हाड काढून पोटात ठिवलं हुतं." म्हातारीने तिला शेजारी बसायला जागा केली. नाव हौसाबाई कोळेकर, मंगळवेढ्याच्या पुढचं गाव, आणि हा तिचा धाकटा, बिरा.

"किती छान बरे झाले!" शिवलीला बोलून गेली.

हौसाबाईचा चेहरा एकदम बंद झाला. "कुठला बरा, बाई. आपलं हाय तसंच. पडूनच असतंय."

शिवलीलाने बिराकडे पाहिलं. पडून असणारं ते पोरगं एका हातात पाण्याची बारडी आणि दुसऱ्या हातात भाकरीचा डबा घेऊन उभं होतं आणि तोंडात भाकरीचा शेवटचा तुकडा कोंबत होतं.

"आई, गाडी सावलीत लावून येतो," तो म्हणाला आणि गेला. पिकअप त्यानेच चालवत आणली होती.

"गाडी चालवतात ते?"

"चालवतंय कशाचं, आपलं बसतंय तितं," हौसाबाई म्हणाली आणि तिने पदराने बिरा गेला त्या बाजूची हवा झाडल्यासारखी केली.

शिवलीलाला हसू फुटलं. तिची स्वतःची आई अशीच होती. बाळसेदार नातवाला कुणी गुबगुबीत म्हटलं की "छे, काल रात्रभर रडला, काही अंगाला लागत नाही" असं ठोकून द्यायची. गावाकडे सगळ्याच बाया तशा. आपल्या लेकराचं बरं चाललंय हे तोंडाने म्हणायचं नाही, दृष्ट लागते. शिवलीला हसली, आणि हसता हसता तिला अदमास आठवला.

"मावशी, ऑपरेशननंतर तुम्हाला रुग्णालयातून फोन आला होता का? बिरा कसा आहे विचारायला?"

"आला की! एक बाई बोलती, लई गोड. मिशिन असतंय म्हणं ते. 'रुग्णाची प्रकृती आता कशी आहे? स्वतःची कामे स्वतः करतात का?'" हौसाबाईने यंत्राच्या शुद्ध मराठीची हुबेहूब नक्कल केली. "मी म्हटलं, कशाचं काय बाई, अंथरुणात हाय, भरवावं लागतंय."

"तेव्हा बिरा कुठे होते?"

"मेंढरांमागं," हौसाबाई म्हणाली आणि जीभ चावली.

शिवलीला उठली ती धावतच सुटली.

डॉ. सबनीस ऑपरेशन संपवून चहा पीत बसले होते. तिने धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी आधी मान हलवली, मग पडद्यावर बिरा कोळेकर शोधला. हाड परत बसवून घरी गेल्यावर तो इथे फिरकला नव्हता, आणि अदमासच्या नोंदीत तो सहा महिन्यांनी 'पूर्ण परावलंबी' होता. डॉक्टर खिडकीशी गेले. खाली बिरा पिकअपच्या बॉनेटवर चढून काच पुसत होता.

"एक नोंद चुकली," ते हळूच म्हणाले.

"एक नाही. सांगोला, मंगळवेढा, जत, आटपाडी... आमच्याकडची माणसं काढा. किती जण बरे झालेत तुमच्या यंत्राच्या मते?"

डॉक्टरांनी काढलं. जवळजवळ कुणीच नाही. "हे आम्हाला ठाऊक होतं," ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज बदलला होता. "आम्ही म्हणायचो, दुष्काळी तालुके, गावात व्यायाम द्यायला कुणी नाही, म्हणून माणसं सुधारत नाहीत. अगदी पटण्यासारखं होतं ते. म्हणून कुणी पुन्हा विचारलंच नाही. अदमासही तेच शिकला. गाव सांगोला म्हटलं की तो आकडा खाली ओढतो."

"आणि आकडा खाली आला की उभारीत खाट मिळत नाही. मग माणूस खरंच सुधारत नाही."

डॉक्टरांनी ती यादी पुन्हा वरपासून वाचली. त्यांनी जतच्या एका रुग्णाच्या बापाला स्वतः फोन लावला. "मी डॉक्टर सबनीस, तुमच्या मुलाचं ऑपरेशन केलेला. कसा आहे मुलगा?"

"कुठं काय, सायेब," पलीकडून आवाज आला. "तसंच हाय."

शिवलीलाने खुणेने फोन मागितला. "काका, नमस्कार. आत्ता कुठं गेलाय तो?"

"त्यो व्हय? बाजारला गेलाय, मोटारसायकल घिऊन. येईलच आता." आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण डॉक्टर "तुमचं हे बोलणं नोंदवून घेऊ का?" असं विचारेपर्यंत फोन बंद झाला.

डॉक्टर हसले, मग दोन्ही हातांनी तोंड पुसत बसून राहिले. अडचण कुठे होती ते त्यांनी तिला सांगितलं. पूर्वी काही रुग्णालयं आपलं नाव राहावं म्हणून आजारी माणसांना कागदावर बरं करून टाकायची. त्यामुळे आता नियमच होता की अदमासमधली नोंद डॉक्टरने बदलायची नाही. रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तरच ती बदलते. मेंदूला मार लागलेला माणूस स्वतःबद्दल वाटेल ते सांगतो, म्हणून त्याचं स्वतःचं सांगणंही धरत नाहीत.

"समितीच्या अध्यक्ष डॉ. देवस्थळी कडक आहेत, पण ऐकून घेतात," ते म्हणाले. "नुसता बिरा उभा केला तर म्हणतील, एक माणूस सुटला अंदाजातून. तुम्ही सांगितलंत तर म्हणतील, नवऱ्यासाठी सांगते. आपण आधी खोटं का सांगितलं, हे खोटं सांगणाऱ्या माणसानेच सांगितलं पाहिजे."

म्हणजे हौसाबाईने.

हौसाबाई कडुनिंबाखालीच होती; गुडघ्यांची तपासणी उद्यावर गेल्याने मायलेक तिथेच मुक्कामाला थांबणार होती. शिवलीलाने तिला सगळं सांगितलं. रेवणचं, आकड्याचं, उद्याच्या समितीचं. काही झाकलं नाही. "मावशी, फक्त एवढं म्हणायचं की बिरा बरा आहे. जे आहे तेच."

हौसाबाईने पायाच्या अंगठ्याने माती उकरली.

"मला थोरला हुता एक," ती म्हणाली. "बाळू. बैलागत ताकद. पाव्हणं आलं हुतं, मी कवतिकानं म्हटलं, माझा बाळू कंदी म्हणून आजारी पडत न्हाय. दुसऱ्या दिशी हिरीत मोटर काढाय उतरला, वर आलाच न्हाय." तिने शिवलीलाकडे पाहिलं. "तू शिकलेली हायेस. तू म्हणशील, आसं कुठं आसतंय व्हय?"

शिवलीला तसंच म्हणाली असती. विहिरीत विषारी वायू असतो, आदल्या दिवशीच्या बोलण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडत नाही. हे ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून तिला ते म्हणवेना. समोर एक आई होती, आणि आपण तिला तिचा उरलेला मुलगा पणाला लावायला सांगतोय, हे तिला लख्ख कळलं.

"नाही म्हणत, मावशी," ती म्हणाली. "राहू द्या. गुडघ्यांचं बघा तुमच्या."

ती वर गेली. सिद्राम बाकावर बसल्या बसल्या पेंगत होता. तिने त्याला उठवलं नाही. रेवणच्या खाटेशी जाऊन ती उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून भांडणाचा एकही शब्द आला नाही. "रेवण," ती म्हणाली, "मला भीती वाटते रे." मग तिने त्याचे पाय स्वतःच वाकवायला घेतले. तो व्यायामाचा मुलगा करायचा तसे, पुन्हा पुन्हा, हात भरून येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी समितीच्या खोलीत लांब टेबलापलीकडे डॉ. देवस्थळी, आणखी दोन डॉक्टर आणि सबनीस बसले होते. सिद्रामने हात जोडून सांगितलं, साहेब, आम्ही आमच्या माणसाला घरी नेतो. शिवलीलाने त्याचा हात खाली ओढला आणि पदर खोचून आकड्यातली चूक मांडायला सुरुवात केली. फळ्यासमोर मांडते तशी, एकेक पायरी. डॉ. देवस्थळींनी मधे तोडलं नाही, चष्मा काढून सगळं ऐकलं.

"तुमचं म्हणणं शक्य आहे," त्या म्हणाल्या. "पण बाई, मी शक्यतेवर दुसऱ्याची खाट काढून तुम्हाला कशी देऊ? रांगेत एक मुलगी आहे, तिचा आकडा चाळीस आहे. ती मुलगी सोलापूर शहरातली आहे, म्हणून तिचा आकडा फुगलाय असं तुम्ही म्हणणार?"

शिवलीलाकडे उत्तर होतं, पण त्या मुलीची आईही कुठल्यातरी बाकावर बसली असेल, हा विचार मनात आला आणि ती खाली बसली.

दार उघडलं. बिराच्या खांद्याला धरून हौसाबाई आत आली. वाटेत तिने अतिदक्षता विभागाच्या काचेतून रेवणला बघून घेतलं होतं; तिच्या डोळ्यांवरून ते कळत होतं.

"बिरा, तू भायेर हो," ती म्हणाली.

"का गं?"

"भायेर हो म्हणते ना! दार लाव. कानात बोटं घाल."

बिरा गेला. सबनीसांनी नोंद घ्यायचा माइक तिच्यासमोर सरकवला. हौसाबाईने टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मी हौसाबाई तुकाराम कोळेकर. फोनवर म्या खोटं बोलले. आमच्यात आसंच म्हणत्यात. लेकराचं चांगलं झालं तर चांगलं झालं म्हणत न्हाईत. तुमची मिशिनबाई इचारती, समद्याच बाया आसंच सांगत्यात. माझी जाऊबी, माझी इहीणबी." ती थांबली. डोळे मिटून घेतले. "माझा बिरा बरा हाय."

सबनीसांनी माइक आणखी जवळ सरकवला.

"बरा हाय," ती पुन्हा म्हणाली, आणि मग तिला थांबता येईना. "स्वताच्या हातानं जेवतो. चार भाकरी खातो. गाडी हाकतो. मेंढरं राखतो. एक हात जरा जड हाय, पन भांडतो लई. गेल्या म्हैन्यात पोरगी बघून आलाय, पसंत हाय म्हणतो. रोज सकाळी उठून म्हणतो, आई च्या दे. मला वाटलं हुतं परत कंदी म्हणायचा न्हाय." तिचा आवाज फुटला. "चांगला हाय माझा पोरगा. लई चांगला हाय."

डॉ. देवस्थळींनी चष्मा घातला, परत काढला. मग त्यांनी सबनीसांना पडदा पुढे घ्यायला सांगितलं आणि राहतं गाव काढून टाकून अदमासला पुन्हा विचारायला लावलं. नुसता मेंदू बघून, नुसतं रक्त आणि लहरी बघून. रेवणचा आकडा एकतीस आला. त्या मुलीचा चाळीसाचा छत्तीस झाला.

"एकतीस म्हणजे काही वचन नाही," देवस्थळी शिवलीलाला म्हणाल्या.

"मला ठाऊक आहे. मी शिकवते ते."

"दोघांनाही उभारीत घ्या. खाट लागली तर माझ्या खोलीतली न्या," त्या सबनीसांना म्हणाल्या आणि जरा रागानेच पुढे बोलल्या, "आणि आजपासून त्या गोड बाईचे फोन बंद. माणसं फोन करतील. कसा आहे विचारायचं नाही, कुठे गेलाय विचारायचं."

सिद्राम खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडत होता.

त्याच दिवशी रेवणला उभारी कक्षात हलवलं. नळ्या सांभाळत, खाट ढकलत माणसं पुढे, आणि शिवलीला बाजूने चालत, मोठमोठ्याने भांडत. "बघ, तुझ्यामुळे कुठल्या कुठल्या बायांना रडावं लागलं. लाज वाटत असेल तर हात दाब माझा. रेवण, हात दाब म्हणते ना!" तिचा अंगठा त्याच्या मुठीत होता. मूठ आवळली गेली. अगदी हळू, पण आवळली गेली. ती किंचाळली. सबनीस धावत आले, त्यांनी स्वतः सांगून बघितलं, "बिराजदार, हात दाबा. सोडा. पुन्हा दाबा." पुन्हा आवळली. सबनीसांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते अदमासला कधीच आलं नसतं.

शिवलीला जिने उतरून अंगणात आली तेव्हा बिरा पिकअपला टेकून उभा होता आणि हौसाबाई गाडीत चढायच्या खटपटीत होती. शिवलीला सरळ बिरासमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही तळवे त्याच्या तोंडावरून फिरवून तिने स्वतःच्या कानशिलांवर टेकवले आणि सगळी बोटं कडाकडा मोडली.

"अवो बाई, काय करताय?" बिरा दचकला.

"काही नाही. उभे राहा गप."

हौसाबाई बघत होती. तिने हाताने शिवलीलाला जवळ बोलावलं. "तुझा मालक कसा हाय गं? काय हालचाल?"

शिवलीलाच्या अंगठ्यावर अजून ती पकड होती. सगळं अंगण ऐकेल एवढ्या मोठ्याने ओरडावंसं तिला वाटत होतं. छातीत ते मावत नव्हतं. तिने तोंड उघडलं, आणि तिचे डोळे त्या कडुनिंबाखालच्या, भाकऱ्या सोडून बसलेल्या साऱ्या माणसांवरून फिरले.

"कुठं काय, मावशी," ती म्हणाली. "पडूनच आहे. तसाच."

हौसाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूहळू तिच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"आसू दे बाई, आसू दे," ती म्हणाली, आणि बिराच्या आधाराने गाडीत चढून बसली.